गॅसवाल्या मॅडम

विशाखा मॅडम माणसाला नाव विचारायच्या आधी काय खाल्लं ते विचारायच्या. पहिल्या दिवशी गोशाळेच्या फाटकात भेटल्या तेव्हा पाठीला पिशवी आणि हातात चपला होत्या, कारण फाट्यापासून सगळा चिखल. मी म्हणलं, कोण पाहिजे? तर म्हणाल्या, "तुमच्या गाई काय खातात?"

मी म्हणलं, "कडबा खातात. अजून काय खातील, पुरणपोळी?"

हसल्या नाहीत. "कडबा ज्वारीचा का मक्याचा? पेंड सरकीची का शेंगदाण्याची? हिरवा चारा कधीपासून चालू हाय? आणि तुमी काय खाल्लं सकाळी?"

मला वाटलं, बाई येडी आहे. घरी जाऊन गयाला, म्हणजे माझ्या बायकोला, तसंच सांगितलं. ती म्हणाली, "येडी कशानं? जी बाई खाण्याचं विचारती ती शहाणीच असती."

गया आता नाही. घरात बोलायला कोण नाही म्हणून हे लिहितोय. माझी चौथी झालेली, ती बी अर्धी. जे झालं ते सरळ लिहितो.

आमचं गाव राणीसावरगावच्या पलीकडं, मोठा रस्ता सोडून आत. मधे एक नाला, त्यावर बसका पूल, जोराचं पाणी आलं की बुडतो. गावात दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक सिस्टर, लशींचा फ्रिज आणि ऑक्सिजनचं मशीन. हे मशीन हवेतूनच ऑक्सिजन ओढून नळीनं नाकात सोडतं. त्याला बाटला लागत नाही, वीज लागते. आणि वीज आमच्याकडं पाहुण्यासारखी, आली तर आली. गयानं मानवतच्या जिनिंगमध्ये उमर घातली. कापसाचं भुसकट छातीत बसलं ते निघालं नाही. शेवटच्या वर्षांत नाकात नळी लावल्याशिवाय तिची दुपार निघायची नाही. लाईट गेली की तिचे ओठ निळे पडायचे आणि मी रॉकेलचा डबा हातात घेऊन जनरेटरसाठी गावभर पळायचो. मॅडमचं माझ्या घरावर काय ऋण आहे ते कळायला एवढं माहीत पाहिजे.

दवाखान्याला लागून अप्पांची गोशाळा. वीरभद्र अप्पा, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, सोनपेठला आडत दुकान पोरगा बघतो आणि अप्पा गावात राहून धर्म बघतात. मनानं मोठा माणूस, पण हट्टी. त्यांनी शेणाचा गॅस प्लांट बांधला होता, आणि त्यात शेण कालवायच्या कामाला मी. मॅडमच्या संस्थेनं त्या गॅसवर वीज काढायचं एक यंत्र तिथं बसवायचं ठरवलं, दवाखान्यासाठी. यंत्र लोखंडी कपाटाएवढं. आत तव्यासारख्या पातळ चकत्या एकावर एक रचलेल्या, गाडग्यांची उतरंड असते तशा. आत भट्टीची धग, पण जाळ नाही. एका अंगानं गॅस, दुसऱ्या अंगानं हवा, आणि मधल्या चकतीतून वीज. इंजिन नाही, धडधड नाही, धूर नाही. गाव बघायला आलं आणि काहीच हलत नाही म्हणून नाराज होऊन गेलं.

त्या दिवशी अप्पांच्या घरून चहा आला. बाकीच्यांना कपबशीत आणि मॅडमला कागदी कपात. त्याच्या आधी अप्पांनी विचारलं होतं, "सोनपेठच्या कोणत्या साळवे तुमी?" मॅडम म्हणाल्या होत्या, "बौद्धवाड्यातल्या. माझे वडील मास्तर होते. तुमच्या आडतीवरूनच शाळेत जायचो आमी." मग तो कागदी कप आला. मॅडमनी तो प्याला नाही आणि ओतला पण नाही. यंत्रावर ठेवून दिला, सगळ्यांना दिसेल असा. दोन दिवस तिथंच होता. तेव्हापासून चहाला त्या आमच्या घरी यायच्या.

दिसायला अशा की गर्दीत हरवाव्यात. सुती ड्रेसच्या बाहीला जळक्याची भोकं, चष्म्याला मागून दोरी, आवाज मात्र वावरात हाक मारल्यासारखा. बोलताना तोंड माणसाकडं नसायचं, डोळे सदा यंत्राच्या काट्यावर. आणि एक गंमत, ही शेणाच्या गॅसवर जगणारी बाई गाईला भ्यायची. गोठ्यातून जायचं असलं की मला पुढं घालायच्या आणि माझा सदरा मागून धरायच्या. एकदा कपिली नुसती शिंकली तर ह्या पिंपावर चढल्या. गया म्हणायची, "अवो, त्यांना गाय दाखवू नका, निस्तं शेण दाखवत जा."

त्यांचं एक वाक्य होतं, "खाल्लेलं बोलतं." माणसाचं असो, गाईचं असो, यंत्राचं असो. मला समजवायला बसल्या तर तांब्या आणि भाकरी पुढ्यात घेऊन बसल्या.

"मामा, शेणाचा गॅस म्हणजे एक गॅस न्हाई. कालवण हाय ते. त्यात एक जळणारा, एक निस्ता बसून राहणारा, आणि एक विष. जळणारा म्हणजे ही भाकर. बसून राहणारा म्हणजे पाणी. पाणी वाढलं की पोट गच्च, पण अंगात ताकद न्हाई. तसं यंत्राचं होतं, वीज उतरती."

मी म्हणलं, "मग निस्ती भाकरच द्या की."

"कोरडी भाकर घशात अडकती का न्हाई? निस्ता जळणारा दिला की चकत्यांवर काजळी धरती, मग त्या श्वासच घेत न्हाईत. म्हणून संगं वाफ सोडायची. आणि विष म्हणजे गंधक. सडक्या अंड्याचा वास येतो न्हाई का, ते. चिमटीभर बी गेलं की चकतीला लकवा."

त्या विषासाठी दोन ड्रम होते. गंगाखेडच्या लेथवाल्याकडून लोखंडाचा कीस आणायचा, पाणी शिंपडून गंजवायचा आणि ड्रममध्ये भरायचा. गॅस त्या गंजातून जातो आणि गंज गंधक धरून ठेवतो. धरून धरून काळा पडला की तो ड्रम उघडा टाकायचा, हवेनं परत लाल होतो, तोपर्यंत दुसरा चालू. लेथवाला हसायचा, "सगळी दुनिया गंज काढायलीय आणि ही बाई गंज पेरायलीय." मॅडम म्हणायच्या, "पेरू दे. तुझ्या दुकानात फुकटात पिकतो."

मोघम बोललेलं चालायचं नाही. मी म्हणलं जरासं पाणी घातलं, तर, "जरासं म्हणजे? तांब्या का घागर?" मी म्हणलं गॅस बरा आहे, तर, "बरा म्हणजे तुमच्या सासऱ्याच्या तब्येतीसारखा बरा का खरंच बरा?" गयाचा बाप बरा आहे बरा आहे म्हणता म्हणता गेला होता, ते तिनंच त्यांना सांगितलं होतं. दोघी त्यावर हसल्या आणि गयाला ठसका लागला. मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ठसका थांबेपर्यंत काढला नाही.

अप्पांच्या पुतण्याच्या लग्नात जेवणावळ उठल्यावर लय अन्न उरलं. बुंदी, भात, वरण. अन्न फेकायचं कसं म्हणून अप्पांनी सगळं प्लांटच्या तोंडात ओतायला लावलं. दोन-तीन दिवसांत टाकी टम्म फुगली. अप्पा छाती काढून सांगत फिरले की आमच्या बुंदीवर दवाखाना चालायलाय. मॅडमनी शेगडी पेटवून बघितली. जाळ धरेना, काडी नुसती विझायची.

"टाकी फुगली म्हणजे गॅस वाढला न्हाई अप्पा. अजीर्ण झालंय. आंबलंय आतमधी. निस्ता बसून राहणारा गॅस भरलाय."

"मशीनला बी अजीर्ण होतं म्हणा की," अप्पा म्हणाले.

"मशीनला न्हाई, तुमच्या प्लांटला. मशीन उपाशी मरायलंय."

मग प्लांटला लंघन. शेण बंद, चुन्याची निवळी चालू, वैद्यासारखं सकाळ-संध्याकाळ बघणं. तेवढे दिवस यंत्र अर्ध्या ताकदीवर, दवाखान्यात फक्त नळीचं मशीन, पंखा बंद. गया घामानं भिजून पडायची. मॅडम तिच्या उशाला पुठ्ठ्यानं वारा घालत बसायच्या आणि डोळे दारातून यंत्राच्या काट्यावर. तेव्हा कळलं की ही बाई आमच्याइतकीच भ्यालेली आहे, फक्त बोलून दाखवत नाही.

गया त्यांना लग्नावरून छळायची. "तुमच्या यंत्राला वाफ लागती, गॅस लागतो, हवा लागती. तुमाला काईच कसं लागत न्हाई?"

"मला तुमची ठेच्याची भाकर लागती मामी."

एकदा गयानं सरळ विचारलं, "पोरी, मी ह्यातून उठंन का?" मी तिथंच बसलेलो. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन खोटं सांगितलं होतं आणि मी तिला त्याहून मोठं खोटं. मॅडम म्हणाल्या, "छाती न्हाई सुधरायची मामी. पण नळीतली हवा मी तुटू देणार न्हाई." गया मला म्हणाली, "बघा, पहिल्यांदा कुणीतरी खरं बोललं." त्या रागात तिनं मला दोन दिवस भाजीत मीठ कमी घातलं.

आता दसऱ्याचं सांगतो.

खंडेनवमीला आमच्याकडं लोखंड पुजतात. विळे, कुदळी, नांगर, ट्रॅक्टर, शिलाई मशीन, सगळं घासायचं, तेल लावायचं, हळदकुंकू वाहायचं. त्या दिवशी लोखंडाला गंज ठेवणं म्हणजे घरच्या लक्ष्मीला मळकं लुगडं नेसवणं. मॅडम आदल्या दिवशी सोनपेठला आईकडं गेलेल्या, दसऱ्याला त्यांच्या विहारात कार्यक्रम असतो. मी दवाखान्यात, कारण हवा कुंद झाल्यापासून गयाची नळी निघत नव्हती.

अप्पा गोशाळेत पूजेला आले. यंत्राला हार घातला. मग त्यांना तो उघडा ड्रम दिसला, लाल गंजानं भरलेला. इतकं मोठं यंत्र, गावाला श्वास देणारं, आणि त्याच्या पोटात गंज? खंडेनवमीला? अप्पांनी गडी लावले. कीस चिंचेच्या पाण्यात घासला, उन्हात वाळवला, वर तिळाचं तेल. चांदीसारखा लकलक करायला लागला म्हणे. परत ड्रममध्ये भरला, वर हळदकुंकू, नारळ फोडला, आणि देवाचं नाव घेऊन अप्पांनी स्वतःच्या हातानं चावी फिरवून तो ड्रम चालू केला. जुना बंद केला. गाईला नैवेद्य दिला आणि समाधानानं घरी गेले.

वाईट हेतू कुणाचाच नव्हता. भक्ती होती. म्हणून तर आजही मला कुणावर रागावता येत नाही.

दसऱ्याला दुपारी गोदावरीच्या अंगानं आभाळ काळं झालं. वारा असा सुटला की दवाखान्याचा पत्रा वाजायला लागला. मग कुठंतरी खांब पडला आणि लाईट गेली. एरवी कळलंही नसतं, कारण यंत्र होतं. पण त्या दिवशी नळीच्या मशीनचा आवाज बदलला. दम लागल्यासारखा. त्यावरचा बारका दिवा हिरव्याचा पिवळा झाला. सिस्टर धावत आली. दवाखान्याचा ऑक्सिजनचा मोठा बाटला भरायला गंगाखेडला गेलेला, सणामुळं आला नव्हता. इनव्हर्टरची बॅटरी उन्हाळ्यातच मेलेली, आणि गावातला जनरेटर यंत्र आल्यावर विकून टाकलेला. तिनं ॲम्ब्युलन्सला फोन लावला. निघाली म्हणाले.

तेवढ्यात मॅडम आल्या. नखशिखांत भिजलेल्या. यंत्राचे आकडे त्यांच्या मोबाईलवर यायचे, ते सकाळपासून घसरायला लागले तशा त्या कार्यक्रम सोडून एसटीत बसल्या होत्या. फाट्यावरून चालत. नाला घोट्याला लागला म्हणाल्या. त्यांच्या मागोमाग पूल बुडाला.

दारातूनच ओरडल्या, "कालपासून काय बदललं? चांगलं का वाईट ते मी ठरवीन, निस्तं काय बदललं ते सांगा!"

मी आणि सिस्टर कालपासून गयापाशीच होतो. त्यांनी गॅसची तोटी जराशी उघडून तिथं पांढऱ्या कागदाची पट्टी धरली. ही पट्टी गंधकाला काळी पडते. रोज धरायच्या, रोज पांढरी निघायची. त्या दिवशी हातात असतानाच ती तव्याच्या बुडासारखी झाली. सडक्या अंड्याचा वास खोलीत आला. मॅडमनी ड्रमचं झाकण काढलं.

आत लकलकीत लोखंड, हळदकुंकू, झेंडूचं फूल, नारळाचा तुकडा.

अप्पा छत्री घेऊन आलेच होते. म्हणाले, "मीच साफ करून घेतला मॅडम. पूजा केली. लय घाण झाला होता."

मॅडम त्या फुलाकडं बघत राहिल्या. मला वाटलं आता ह्या अप्पांना खातात. पण त्या हळू बोलल्या, एवढ्या हळू मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "अप्पा, तो गंजच राखणदार होता."

जुन्या ड्रमची चावी परत फिरवून बघितली. तो गंधकानं तट्ट भरलेला. पट्टी तशीच काळी. म्हणजे शेणाच्या गॅसचा एक घोट बी आता यंत्राला चालणार नव्हता. चकत्या लकव्याला लागल्याच होत्या. आणि आतल्या खोलीत गया दोन्ही हातांनी बाज धरून बसलेली. आडवं होता येत नव्हतं तिला.

कोपऱ्यात एक लाल बाटला साखळीनं बांधलेला असायचा. शुद्ध हायड्रोजनचा. त्याला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. मॅडमनी त्याच्याकडं बघितलं आणि फोन लावला, त्यांच्या साहेबाला. रेंज येत-जात होती म्हणून आवाज मोठा करून धरला. आम्ही सगळे ऐकत होतो.

"सर, गंधक गेलंय आत. व्होल्टेज निम्म्यावर."

"मग ताबडतोब बंद करा. लोड काढा. सिलेंडरवर घ्या आणि हळूहळू थंड करा. उद्या बघू."

"सर, लोडवर पेशंट हाय."

साहेब म्हणाला, "विशाखा, तो सिलेंडर कूलिंगसाठी आहे. तो संपला तर चकत्यांचा अख्खा स्टॅक जाईल. पुन्हा निधी मिळणार नाही, तुला माहिती आहे. पेशंटला हलवायचं बघा ना." साहेब वाईट माणूस नव्हता. आवाजावरून कळतं. त्यालाही रडू येत होतं असं मला वाटलं.

"नाल्याला पूर हाय सर," मॅडम म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सिस्टरनं विचारलं, "कूलिंग म्हणजे काय मॅडम?"

मॅडम पाना शोधत बोलत होत्या. "आत भट्टी हाय. भट्टी विझवून गार होईस्तवर चकत्यांना हा गॅस पाजत राहावं लागतं. न्हाई पाजला तर त्यांच्यातल्या धातूला हवा लागती, तो फुगतो आणि चकत्या तडकतात. एकदा तडकल्या की भंगार. ह्याच गॅसवर वीज बी निघती, पण बाटला एक तर मामीला पुरंल, न्हाई तर यंत्राला."

गयानं ऐकलं. ती काय बोलली ते मी विसरणार नाही. एकेका शब्दाला श्वास घेत म्हणाली, "मशीन... वाचव... पोरी. गावाला... लागंल."

"गप बस मामी. बोलण्यात हवा घालवू नको."

पाना लावला. बाटल्यावरची चावी करकरली. मग त्यांनी दवाखान्यातलं एकेक बंद करायला लावलं. फ्रिज बंद, लशी बर्फाच्या डब्यात. बल्ब बंद. सिस्टरचा मोबाईल चार्जिंगवरून काढला. फक्त नळीचं मशीन. त्या उलट्या बादलीवर बसल्या, एक हात चावीवर, डोळे काट्यावर. नखाएवढं उघडायच्या, थांबायच्या, ऐकायच्या. यंत्राचा काटा खालून जरासा उठला. नळीच्या मशीनचा दम सरळ झाला. बारका दिवा पिवळ्याचा हिरवा. गयाचं डोकं माझ्या खांद्यावर टेकलं.

मग वाट बघणं. पलीकडं ॲम्ब्युलन्स येऊन उभी राहिल्याचा फोन आला. मधे पाणी. अप्पा नाल्याकडं जायचे आणि परत यायचे. "अजून छातीला हाय." परत जायचे. "कमरेला आलंय." प्रत्येक वेळी मॅडम वर न बघता विचारायच्या, "कमरेला म्हणजे कुणाच्या? तुमच्या का पोराच्या?" बाटल्याच्या काट्याकडं मीही बघत होतो. मला आकडे कळत नव्हते, पण लाल पट्टी कळत होती. काटा तिच्याकडं सरकत होता. मी शंकराला म्हणलं, मला घे. गयाला म्हणलं, घे श्वास. मॅडमला काही म्हणलं नाही. काय म्हणणार?

काटा लाल पट्टीत शिरला तेव्हा अप्पा धोतर खोचून पळत आले. "मांडीला आलं! माझ्या मांडीला!"

ॲम्ब्युलन्सवाल्यानं पलीकडून छोटा ऑक्सिजन बाटला डोक्यावर घेऊन पाण्यातून आणला. नळी मशीनवरून बाटल्यावर बदलताना गयाचे डोळे पांढरे झाले आणि परत आले. मग बाज उचलली, पुढचा एक कोपरा अप्पांच्या खांद्यावर, मागचा माझ्या. एवढा म्हातारा माणूस, पाय घसरत होते, पण कोपरा सोडला नाही. मी मागं वळून बघितलं तर मॅडम दारात आल्याच नव्हत्या. बादलीवरच बसलेल्या.

पुढचं सिस्टरनं सांगितलं. आम्ही गेल्यावर बाटला संपला. मॅडमनी सगळ्या चाव्या बंद केल्या आणि यंत्राला पाठ लावून बसल्या. अंधार पडायच्या आधीच आतून आवाज यायला लागला. गार पाणी पडल्यावर तापलं गाडगं टिचतं तसा. टिच. मग बराच वेळ काही नाही. परत टिच. सिस्टर म्हणाली, चला घरी. तर म्हणाल्या, "थांबा. ह्यांना एकटं कसं सोडू?"

गया गंगाखेडला दोन आठवडे होती. परत आली. उन्हाळ्यापर्यंत होती. त्या महिन्यांत तिनं नातीचं बारसं बघितलं, माझ्याशी चार वेळा भांडली, एकदा माझ्या हातचं पिठलं चांगलं झालंय असं म्हणाली. पन्नास वर्षांत एकदा. त्या सगळ्याची किंमत कुणी भरली ते मला माहीत आहे.

अप्पा गोशाळेत यायचे बंद झाले. लोक काही म्हणत नव्हते, पण ते घरातूनच निघेनात. एक दिवस मॅडम मला म्हणाल्या, चला. मी विचारलं कुठं, तर सरळ अप्पांच्या ओट्यावर जाऊन बसल्या.

"अप्पा, चहा सांगा की."

अप्पा आत गेले. लय वेळ लागला. बाहेर आले तर स्वतःच्या हातात ट्रे, त्यात पितळी काठाच्या घरातल्या चांगल्या कपबश्या. बशीत चहा सांडलेला. मॅडमनी बशीतला आधी प्यायला, मग कपातला.

अप्पा म्हणाले, "माझ्या पूजेनं तुमचं वाटोळं केलं."

मॅडम म्हणाल्या, "तुमी मला विचारलं न्हाई. मी तुमाला सांगितलं न्हाई. गंज कशाला ठेवलाय हे मी फक्त मामाला आणि लेथवाल्याला सांगितलं होतं. तुमाला सांगायला तुमच्या दारात यावं लागलं असतं." आणि कप ठेवला. "साखर जास्त हाय."

यंत्र न्यायला पिकअप आली तेव्हा हिवाळा सरत आला होता. दवाखान्याला आता लाईन आणि नवी बॅटरी, तेवढ्यावरच भागवायचं होतं. गयानं हट्ट धरला की निरोपाला बाहेर बसायचं. खिडकीतून नळी बाहेर घेऊन तिला दवाखान्याच्या ओट्यावर बसवलं. मॅडम आल्या, तिच्या पायाशी बसल्या. दोघी काय बोलल्या मला ऐकू आलं नाही. मग मॅडम केबिनमध्ये चढल्या आणि डायव्हरनं गाडी चालू केली. जुनं डिझेल. काळा धूर सरळ ओट्यावर आला आणि गया खोकायला लागली.

मॅडम चालत्या गाडीतून उडी मारल्यासारख्या उतरल्या. "बंद कर! आधी बंद कर!"

"मॅडम, एकदा बंद केली की लवकर चालू व्हत न्हाई," डायव्हर कुरकुरला.

"मग ढकलू."

ओढणी कमरेला बांधली आणि मागच्या फळीला दोन्ही हात लावले. डायव्हर हसला, मग उतरून स्टेअरिंगला लागला. अप्पा आले, लेथवाला आला होता तोही लागला, गडी आले. आत ताडपत्रीखाली ते कपाट, लय जड. गाडी हलेना, मग हलली. रस्ता आधी सपाट आहे, मग नाल्याकडं उतार. मॅडमची पाठ दिसत होती, वाकलेली, पाय चिखलात रुतत होते, चष्म्याची दोरी लोंबत होती. गयानं हात वर केला. पण त्या मागं बघत नव्हत्या.

मी म्हणलं, "हाक मारू का?"

गया म्हणाली, "नका. जोर लावायलीय ती."

गाडी उताराला लागली आणि बाभळीआड गेली. बऱ्याच वेळानं इंजिन चालू झाल्याचा आवाज आला, नाल्याच्या पार पलीकडून. धूर आमच्यापर्यंत आला नाही.